परदेशी शिक्षणाचा व्हिसा: प्रवेश मिळाला, पण अठ्ठावीस दिवसांचे काय?

जून १९१७. बाबासाहेब लंडनमध्ये होते. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये नाव दाखल होते, ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरीचा अभ्यास सुरू झाला होता. बुद्धी होती, प्रवेश होता, जिद्द होती. संपली होती ती बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती. मुदत संपली म्हणून अभ्यास अर्धवट टाकून त्यांना भारतात परतावे लागले. पुढे सिडनहॅम कॉलेजात शिकवून साठवलेला पैसा, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेले कर्ज, असे जमवून ते १९२० मध्ये पुन्हा लंडनला गेले. १९२३ मध्ये डी.एस्सी. मिळाली.

ही गोष्ट आपण जयंतीला अनेकदा ऐकतो. पण तिच्यातला व्यवहाराचा धडा सहसा सांगितला जात नाही. विद्यापीठाचे दार उघडल्यावरही पैशाची तारीख आणि कागदाची तारीख जुळली नाही, तर दार बंद होते. शंभर वर्षांनंतर आपल्या मुलामुलींच्या बाबतीत नेमके हेच व्हिसाच्या खिडकीवर घडते. प्रवेशपत्र हातात असते, वस्तीत पेढे वाटून झालेले असतात, विहारात सत्कार झालेला असतो, आणि मग नकाराचा ईमेल येतो. कारण काय, तर बँक खात्यातली रक्कम अठ्ठावीसऐवजी सव्वीस दिवस होती.

म्हणून या लेखात प्रेरणेपेक्षा कागदांबद्दल बोलू. उदाहरण ब्रिटनचे घेतले आहे. तिथली मास्टर्स पदवी बहुधा एका वर्षात होते, त्यामुळे आपले बरेच विद्यार्थी ब्रिटनकडे वळतात, आणि तिथले नियम आकड्यांत स्पष्ट लिहिलेले आहेत.

व्हिसा अधिकारी काय तपासतो?

पहिली गोष्ट म्हणजे कॅस, अर्थात 'कन्फर्मेशन ऑफ ॲक्सेप्टन्स फॉर स्टडीज'. हे साधे ऑफर लेटर नव्हे. विद्यापीठाच्या सगळ्या अटी पूर्ण झाल्यावर आणि बहुतेक ठिकाणी आगाऊ रक्कम भरल्यावर विद्यापीठ हा क्रमांक देते. तो मिळाल्यापासून सहा महिन्यांत वापरावा लागतो आणि एकदाच वापरता येतो. कॅसशिवाय व्हिसाचा अर्जच करता येत नाही. भारतातून अर्ज करताना अभ्यासक्रम सुरू होण्याच्या जास्तीत जास्त सहा महिने आधी अर्ज करता येतो आणि निर्णय साधारण तीन आठवड्यांत येतो.

दुसरी गोष्ट म्हणजे पैसा. सर्वाधिक घोळ इथेच होतो, त्यामुळे त्यावर पुढे सविस्तर लिहिले आहे.

तिसरी गोष्ट म्हणजे क्षयरोगाची तपासणी. सहा महिन्यांपेक्षा जास्त राहणाऱ्या भारतीय अर्जदाराला ब्रिटन सरकारने मान्य केलेल्या क्लिनिकमधूनच प्रमाणपत्र घ्यावे लागते. जिल्हा रुग्णालयाचा किंवा ओळखीच्या डॉक्टरचा एक्स-रे चालत नाही. प्रमाणपत्र सहा महिने चालते. एक्स-रेमध्ये शंका आली तर थुंकीची तपासणी होते आणि तिच्या निकालाला आठ आठवड्यांपर्यंत लागू शकतात. शेवटच्या आठवड्यात तपासणीला जाणाऱ्याचे सगळे वर्ष या एका कारणाने वाया जाऊ शकते.

चौथी गोष्ट म्हणजे, तुम्ही खरोखर शिकायला निघाला आहात का, हे. त्यासाठी मुलाखत होऊ शकते.

विज्ञान-तंत्रज्ञानाच्या काही विषयांत मास्टर्स किंवा पीएच.डी. करणाऱ्यांना 'एटॅस' नावाचे वेगळे सुरक्षा प्रमाणपत्रही आधी काढावे लागते. ते लागणार का, हे विद्यापीठ सांगते. लागत असेल तर त्याच दिवशी अर्ज करा.

नेमका किती पैसा दाखवायचा?

दोन रकमांची बेरीज करायची. पहिली, पहिल्या वर्षाच्या शुल्कापैकी भरायचे राहिलेले शुल्क. दुसरी, राहणीचा खर्च. ११ नोव्हेंबर २०२५ पासून लंडनसाठी महिना १,५२९ पौंड आणि लंडनबाहेर महिना १,१७१ पौंड असा दर आहे, तो जास्तीत जास्त नऊ महिन्यांचा. म्हणजे लंडनसाठी १३,७६१ पौंड आणि इतरत्र १०,५३९ पौंड.

समजा, लंडनबाहेरच्या विद्यापीठाचे शुल्क २२,००० पौंड आहे आणि २,००० पौंड आगाऊ भरले आहेत. कॅसवर ती नोंद असेल तर दाखवायची रक्कम २०,००० अधिक १०,५३९, म्हणजे ३०,५३९ पौंड. पौंड ११५ रुपयांचा धरला तरी हे पस्तीस लाखांच्या वर जाते. रुपया-पौंडाचा भाव रोज हलतो. म्हणून नेमकी तेवढीच रक्कम ठेवू नका, वर थोडी जास्त ठेवा. भाव हलल्यामुळे काही पौंड कमी पडले, तरी नियमाच्या दृष्टीने ते कमीच.

अठ्ठावीस दिवसांचे गणित

ही संपूर्ण रक्कम सलग २८ दिवस खात्यात असली पाहिजे. एक दिवसही शिल्लक खाली जाता कामा नये. आणि त्या २८ दिवसांचा शेवटचा दिवस अर्ज केल्याच्या तारखेआधी ३१ दिवसांच्या आत असला पाहिजे.

उदाहरण पाहू. ५ जुलैला पूर्ण रक्कम खात्यात आली. १ ऑगस्टला २८ दिवस पूर्ण होतात. १ ऑगस्टपर्यंतचे स्टेटमेंट काढा आणि ऑगस्टमध्येच अर्ज करा. पण २० जुलैला धाकट्या भावाच्या कॉलेजची फी त्याच खात्यातून भरली आणि शिल्लक एका दिवसासाठी जरी कमी झाली, तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून. दुसऱ्या दिवशी पैसे परत टाकून उपयोग होत नाही. म्हणून या रकमेसाठी वेगळे खाते ठेवा. त्यावर एटीएम कार्ड, कर्जाचा हप्ता, यूपीआय असे काहीही जोडू नका.

खाते कोणाचे चालते, हेही नीट समजून घ्या. स्वतःचे, आई-वडिलांचे किंवा कायदेशीर पालकांचे. मामा, काका, थोरला भाऊ, मेहुणा यांचे खाते चालत नाही. आपल्याकडे शिकलेला, नोकरीला लागलेला मामाच साऱ्या घराचा आधार असतो, पण व्हिसाच्या नियमांना ते नाते दिसत नाही. मामाने मदत करायची असेल तर रक्कम खरोखरच तुमच्या किंवा आई-वडिलांच्या खात्यात द्यावी, तीही २८ दिवस सुरू होण्याआधी.

आई-वडिलांचे खाते दाखवायचे असेल तर नाते सिद्ध करणारा जन्मदाखला आणि त्यांचे संमतीपत्र लागते. इथे गावाकडचा जुना घोळ वर येतो. अनेकांच्या जन्मनोंदीत मुलाचे नावच नसते, आईचे नाव माहेरचे असते किंवा वडिलांचे नाव घरगुती लिहिलेले असते. ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत ही दुरुस्ती करायला वेळ लागतो. ते काम आज सुरू करा. दाखला मराठीत असेल तर त्याचे प्रमाणित इंग्रजी भाषांतर जोडावे लागते. त्यावर भाषांतरकाराची सही, तारीख आणि संपर्काचा तपशील असला पाहिजे.

शेतजमीन, घर, सोने, भविष्य निर्वाह निधी, शेअर हे काहीही या हिशेबात धरले जात नाही. गावच्या पतसंस्थेतली ठेवही टाळा. ज्या संस्थेवर बँक म्हणून अधिकृत नियंत्रण नाही किंवा जिचे रेकॉर्ड संगणकावर पडताळता येत नाही, तिचा कागद नाकारला जाऊ शकतो. रक्कम राष्ट्रीयीकृत किंवा मोठ्या व्यापारी बँकेत हलवा.

शैक्षणिक कर्ज असेल तर

मान्य शैक्षणिक कर्ज योजनेतून कर्ज मंजूर झाले असेल तर २८ दिवसांची अट लागत नाही, हा मोठा दिलासा आहे. पण बँकेचे पत्र नीट हवे. पत्र अर्जाच्या तारखेआधी सहा महिन्यांच्या आतले असावे. कर्ज विद्यार्थ्याच्या नावाने असावे, वडील सहकर्जदार असले तरी चालते. रक्कम स्पष्ट लिहिलेली असावी आणि व्हिसा मिळण्याखेरीज दुसरी कोणतीही अट शिल्लक नसावी. 'तारण कागदपत्रे पूर्ण झाल्यावर कर्ज दिले जाईल' असे वाक्य पत्रात असेल तर ते पत्र उपयोगाचे नाही. तारणाचे काम आधी पूर्ण करून दुसरे पत्र मागा. शाखेत पत्र हातात पडल्यावर तिथेच उभे राहून वाचा.

शिष्यवृत्तीवाल्यांनी सावध राहावे

अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आहे. तिच्या १२५ जागांपैकी ११५ अनुसूचित जातींसाठी आहेत. महाराष्ट्र सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी असून तिच्या ७५ जागा आहेत. याशिवाय ब्रिटन सरकारच्या चेव्हनिंग आणि कॉमनवेल्थ शिष्यवृत्त्या आहेत.

सरकार किंवा विद्यापीठ संपूर्ण शुल्क आणि राहणीचा खर्च देत असेल, तर तो 'अधिकृत आर्थिक प्रायोजक' मानला जातो. मग बँक स्टेटमेंट लागत नाही, प्रायोजकाचे पत्र पुरते. म्हणजे शिष्यवृत्तीवाल्या विद्यार्थ्याचा अर्ज खरे तर सर्वात सोपा असायला हवा. तरीही तो अडतो, तो पत्राच्या भाषेमुळे आणि तारखेमुळे.

पत्र अधिकृत लेटरहेडवर असावे. त्यात विद्यार्थ्याचे नाव, देणाऱ्या कार्यालयाचे नाव व संपर्क, पत्राची तारीख, शिष्यवृत्तीचा कालावधी आणि रक्कम, किंवा 'संपूर्ण शुल्क व राहणीचा खर्च दिला जाईल' असे स्पष्ट विधान असावे. हे शेवटचे वाक्य फार मोलाचे आहे. का, ते आकड्यांतच पाहा. राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीच्या नियमांत ब्रिटनसाठी राहणीचा भत्ता वर्षाला ९,९०० पौंड दिलेला आहे. व्हिसासाठी लंडनला नऊ महिन्यांचेच १३,७६१ पौंड लागतात. पत्रात नुसता आकडा असेल तर फरक दिसतो, आणि तो फरक तुम्हाला स्वतःच्या पैशातून, पुन्हा २८ दिवसांच्या नियमाने दाखवावा लागू शकतो. म्हणून पत्र निघण्याआधीच मसुद्याबद्दल कार्यालयाशी बोला, लेखी विनंती द्या.

आणि तात्पुरत्या मंजुरीपत्राला अंतिम मंजुरी समजू नका. २०२५ च्या जुलैमध्ये राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीसाठी १०६ जणांची निवड जाहीर झाली, पण तात्पुरती मंजुरीपत्रे सुरुवातीला फक्त ४० जणांना मिळाली. उरलेल्या ६६ जणांना निधी उपलब्ध झाल्यास पत्रे मिळतील, असे सांगण्यात आले. सप्टेंबरमध्ये वर्ग सुरू होणार असलेल्या विद्यार्थ्याने जुलैत काय करायचे? हा प्रश्न विद्यार्थ्याच्या तयारीचा नाही, धोरणाचा आहे. कार्यकर्त्यांनी तो मंत्रालयात आणि रस्त्यावर विचारलाच पाहिजे. बाबासाहेबांना १९१७ मध्ये मुदतीपायी परतावे लागले, तेव्हा संस्थानी काळ होता. आज संविधान आहे, अंदाजपत्रकात तरतूद आहे. निकाल वेळेवर लावणे ही मेहेरबानी नव्हे.

पण मोर्चा निघेपर्यंत विद्यार्थ्याने हातावर हात ठेवून बसू नये. विद्यापीठाला लगेच ईमेल करून प्रवेश पुढच्या वर्षावर नेता येतो का ते विचारावे. कर्जाचा अर्ज समांतर चालू ठेवावा.

एक सूचना जातीच्या दाखल्याबद्दल. केंद्राच्या योजनेसाठी लागणाऱ्या दाखल्याचा नमुना राज्याच्या नेहमीच्या दाखल्यापेक्षा वेगळा असतो. १९९० च्या घटना (अनुसूचित जाती) आदेश दुरुस्ती कायद्यानुसार बौद्ध धर्मांतरितांना केंद्रातही अनुसूचित जातीच्या सवलती आहेत. दाखल्यावर नुसते 'नवबौद्ध' लिहून आले असेल तर तहसील किंवा उपविभागीय कार्यालयात जाऊन केंद्राच्या नमुन्यातला दाखला मागा.

नावाचा गोंधळ

दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे. पासपोर्टवर स्वतःचे आणि वडिलांचे नाव एकत्र, आडनाव वेगळे. आधारवर स्पेलिंग तिसरेच. काहींनी जातिवाचक आडनाव बदलून गॅझेटमध्ये नवे नाव घेतलेले असते, पण पदवी जुन्या नावाची असते. लग्न झालेल्या मुलींची अडचण आणखी वेगळी.

नियम सोपा ठेवा. पासपोर्टवरचे नाव प्रमाण माना. विद्यापीठाचा अर्ज, कॅस, क्षयरोग प्रमाणपत्र, शिष्यवृत्तीचे पत्र, बँकेचे पत्र, सगळीकडे तेच नाव, तेच स्पेलिंग. जुन्या कागदांवर वेगळे नाव असेल तर गॅझेटची प्रत किंवा विवाह प्रमाणपत्र जोडा. पासपोर्टच चुकीचा असेल तर आधी तो दुरुस्त करा, मग विद्यापीठाला अर्ज करा.

मुलाखतीत काय विचारतात?

हाच विषय का? हेच विद्यापीठ का? कोणते मॉड्यूल शिकणार? खर्च कोण करणार? परत येऊन काय करणार? प्रश्न साधेच असतात. उत्तरे अडतात ती एजंटाने लिहून दिलेल्या निवेदनामुळे. जे तुम्ही लिहिले नाही ते तुम्हाला बोलता येत नाही. अस्खलित इंग्रजीची परीक्षा इथे नसते. सावकाश, छोट्या वाक्यांत, स्वतःचे उत्तर द्या. प्रश्न समजला नाही तर पुन्हा विचारायला सांगा. वडील सफाई कामगार असतील, आई अंगणवाडी सेविका असेल, तर तेच सांगा. लपवण्यासारखे त्यात काही नाही. शिष्यवृत्ती असेल तर खर्चाचा प्रश्न एका वाक्यात सुटतो.

'फंड दाखवून देतो' म्हणणारे

शहरोशहरी काही दलाल व्याजाने रक्कम खात्यात टाकून महिनाभराने काढून घेतात. काही जण बनावट स्टेटमेंट देतात. यापासून दूर राहा. बँकेकडे पडताळणी होते. खोटा कागद सापडला तर अर्ज तर जातोच, शिवाय ब्रिटनमध्ये अर्ज करण्यावर दहा वर्षांची बंदी येऊ शकते. इतर देशांच्या अर्जांतही 'कधी व्हिसा नाकारला गेला का?' असा प्रश्न असतो. दलाल दुसरे गिऱ्हाईक शोधतो, डाग मात्र तुमच्या नावावर राहतो.

नकार आलाच तर

पत्र शांतपणे वाचा. त्यात कारण कलमासह लिहिलेले असते. अधिकाऱ्याने तुमचा कागद चुकीचा वाचला असे वाटत असेल, तर २८ दिवसांत प्रशासकीय पुनर्विलोकन मागता येते. त्यासाठी ८० पौंड लागतात आणि त्यात नवे पुरावे सहसा धरले जात नाहीत. चूक आपलीच असेल तर ती सुधारून नवा अर्ज करणे बरे, पण कॅस पुन्हा लागते, म्हणून विद्यापीठाला त्याच दिवशी कळवा. आरोग्य अधिभाराचे पैसे परत मिळतात, व्हिसा शुल्क मिळत नाही. पुढच्या कोणत्याही अर्जात हा नकार लपवू नका.

कॅलेंडर: सप्टेंबरच्या प्रवेशासाठी

- आदल्या वर्षीचा ऑगस्ट-सप्टेंबर: पासपोर्ट, नावदुरुस्ती, जन्मदाखला, केंद्राच्या नमुन्यातला जातीचा दाखला, चेव्हनिंगसारख्या शिष्यवृत्त्यांचे अर्ज.
- ऑक्टोबर ते जानेवारी: विद्यापीठांचे अर्ज.
- फेब्रुवारी ते एप्रिल: ऑफर आल्यावर कर्जाची चौकशी, सरकारी शिष्यवृत्तीचे अर्ज, लागत असल्यास एटॅस.
- मे-जून: क्षयरोग तपासणी, वेगळे बँक खाते, प्रायोजक पत्राचा पाठपुरावा.
- जून-जुलै: कॅस. पैसे किंवा कर्जाचे पत्र तयार.
- जुलैअखेर ते ऑगस्ट: अर्ज आणि बोटांचे ठसे.

विहाराने काय करावे?

अर्ज करतानाच व्हिसा शुल्क आणि आरोग्य अधिभार ऑनलाइन भरावा लागतो. एप्रिल २०२५ मध्ये शुल्क ५२४ पौंड होते, अधिभार वर्षाला ७७६ पौंड. एका वर्षाच्या मास्टर्सला व्हिसा वर्षापेक्षा काही महिने जास्त मिळतो, म्हणून अधिभार साधारण १,१६४ पौंड होतो. त्या दराने दोन्ही मिळून १,६८८ पौंड, म्हणजे सुमारे दोन लाख रुपये. सरकारी शिष्यवृत्तीचे पैसे हातात पडतात ते नंतर, हे आधी लागतात. पस्तीस लाखांची शिष्यवृत्ती मंजूर असलेला विद्यार्थी या दोन लाखांसाठी दारोदार फिरतो. हे दर बदलतात, त्यामुळे अर्ज करण्याआधी ब्रिटन सरकारच्या संकेतस्थळावर तपासून घ्या.

इथे समाज उपयोगी पडू शकतो. जयंतीच्या वर्गणीतून प्रत्येक तालुक्यात एक फिरता निधी ठेवला, तर विद्यार्थ्याला बिनव्याजी उसनी रक्कम देता येईल आणि शिष्यवृत्ती आल्यावर ती परत येऊन पुढच्याला जाईल. ज्यांना व्हिसा मिळाला त्यांनी रविवारी दोन तास विहारात बसून दुसऱ्याची फाइल वाचावी. इंग्रजी येणाऱ्या निवृत्त शिक्षकांनी भाषांतर तपासावे. बँकेतल्या कर्मचाऱ्यांनी कर्जाच्या पत्राचा मसुदा पाहावा. नवल भथेना यांनी आपल्या मित्रासाठी केले ते यापेक्षा वेगळे नव्हते.

लंडनमधल्या १०, किंग हेन्रीज रोड या घरात बाबासाहेब विद्यार्थी असताना राहिले. महाराष्ट्र सरकारने ते २०१५ मध्ये विकत घेतले. आपल्यापैकी अनेकांना ते घर पाहायचे आहे. पर्यटक म्हणून जरूर जा. पण आपल्या वस्तीतली एखादी मुलगी विद्यार्थिनी म्हणून तिथे उभी राहावी असे वाटत असेल, तर सत्काराच्या हारासोबत तिला आजच विचारा: "पासपोर्टवर नाव बरोबर आहे ना? जन्मदाखला काढलास का? पैसे कोणत्या तारखेला खात्यात येणार आहेत?"

जय भीम.